‘वस्तीनं काही करून उपयोग नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक लांबलचक मेसेज सोसायट्यांच्या, शाळांच्या आणि मंडळांच्या ग्रुपवर फिरतो आहे. खाली सही ‘एक जागरूक पालक’. सार असं, की मुलांच्या नशेविरुद्ध मंडळानं, बचत गटानं, शेजाऱ्यांनी काही करणं म्हणजे वेळ वाया घालवणं. संस्कार घरात होतात, बाकीचं पोलीस बघतील. भांडुपच्या डोंगरावरच्या आमच्या वस्तीत आम्ही काहीजण मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. आमच्या ग्रुपवरही हा मेसेज आला आणि त्याखाली भराभर अंगठे पडले. ते अंगठे देणारे सगळे भले लोक आहेत, म्हणूनच त्यातलं एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

‘संस्कार असतील तर मुलगा वाया जात नाही.’

आमच्याकडे सकाळच्या सत्रातली मुलं साडेबाराला सुटतात. आई सकाळीच डबा करून लोकल पकडते, ती रात्री आठला डोंगर चढते. वडील रिक्षावर किंवा वॉचमनच्या पाळीवर. मधले सात तास मुलगा कुणाच्या नजरेखाली असतो? या आईचे संस्कार कमी पडले असं तिच्या तोंडावर म्हणायची माझी हिंमत नाही आणि ते खरंही नाही. ते सात तास एकट्या आईला भरून काढता येत नाहीत, गल्लीला येतात. अभ्यासिका, कबड्डीचा सराव, दार उघडं ठेवून बसलेली एखादी आजी, हे सगळं त्याच तासांसाठी आहे.

या वाक्याचा दुसरा तोटा जास्त मोठा आहे. नशा म्हणजे संस्कारांचं अपयश असं एकदा ठरलं, की घर ती लपवतं. ‘पोराला कावीळ झालीय’, ‘गावी पाठवलंय’ अशी कारणं सांगत महिने जातात. केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो, असं त्यात नोंदलं आहे. उपचारांच्या सोयी कमी आहेत हे एक कारण, पण लाज हे दुसरं, आणि ती लाज असले मेसेज वाढवतात.

‘खरा धोका एमडीचा. टपरीवरच्या सिगारेटी-गुटख्यामागे लागून काय मिळणार?’

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, भयंकर आहे, यात वाद नाही. ते २०१५ च्या फेब्रुवारीत अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, त्याआधी ते मुंबईत राजरोस विकलं जात होतं. पण तेरा वर्षांचं पोर सुरुवात एमडीनं करत नाही. ते सुरुवात करतं तंबाखूच्या पुडीनं, मोठ्या भावाच्या मित्रानं दिलेल्या बिअरच्या घोटानं, नाहीतर पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन हुंगून. त्याच २०१९ च्या अहवालात हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्या माणसांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के आहे. मोठ्यांपेक्षा मुलांत दुप्पट! आणि ही नशा कुठल्या टोळीकडून येत नाही, हार्डवेअरच्या आणि स्टेशनरीच्या दुकानातून येते. त्या दुकानदाराला ओळखतं कोण? आपणच.

टपरीचं म्हणाल तर, शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री २००३ च्या कायद्यानं बंद आहे, अठराखालच्या मुलाला विकणं तर कुठेही बंद. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. आमच्या मंडळाच्या पोरांनी बांधकामावरचा लांब टेप आणून शाळेच्या फाटकापासून अंतर मोजलं. टेप पूर्ण सुटायच्या आत दोन टपऱ्या लागल्या. एकीच्या पुढच्या फळीवर गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या आणि त्यांच्या मधोमध सुट्ट्या सिगारेटींचं उघडं पाकीट, बरोबर सहावीतल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज आणि मोजणीचे फोटो वॉर्ड ऑफिसात आणि पोलीस चौकीत दिले. एका टपरीवाल्यानं तंबाखूचा माल काढला, तो आता वडापाव विकतो. दुसरा अजून आहे, कारण या कायद्यात दंडच २०० रुपयांपर्यंतचा आहे आणि तो त्याला परवडतो. म्हणून त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा जाणं वस्तीलाच जमतं.

‘हे पोलिसांचं काम आहे, तुम्ही मधे पडू नका.’

पुरवठादाराला पकडणं पोलिसांचंच काम, तिथे कुणी मर्दुमकी दाखवू नये. पुडी विकणाऱ्याला अडवायला वस्तीतली पोरं पाठवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. माहिती द्यायची तर १९३३ ही अमली पदार्थविरोधी हेल्पलाइन आहे.

पण मेसेज लिहिणाऱ्यानं कायदा नीट वाचलेला दिसत नाही. कायदा नागरिकांच्या हातातही बरंच देतो. बालन्याय कायदा, २०१५, कलम ७७: डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम ७८: मुलाकडून दारू किंवा अमली पदार्थ वाहून घेणाऱ्याला किंवा विकून घेणाऱ्यालाही तीच शिक्षा. तक्रार करताना ही कलमं तोंडपाठ असली की समोरचा खुर्ची पुढे करतो. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५ आहे, हे वाइन शॉपबाहेर घोळक्यानं उभ्या कॉलेजच्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांनाही ठाऊक नसतं. दुकानच नको असेल तर ‘उभी बाटली, आडवी बाटली’ आहेच: प्रभागातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की तिची पडताळणी होऊन गुप्त मतदानाचा रस्ता खुला होतो. या सह्या दारोदार फिरून बायकाच गोळा करतात, हवालदार नाही.

आणि पोलिसांवरच सोडलं तर काय होतं, हे मालाडच्या मालवणी वस्तीनं २०१५ च्या जूनमध्ये पाहिलं. विषारी गावठी दारूनं शंभरावर माणसं गेली. दारू कुठे मिळते हे गल्लीत माहीत नव्हतं असं कुणी म्हणू शकेल का?

‘मुलांना घाबरवा. सडलेल्या फुप्फुसाचे फोटो दाखवा, एखादा गर्दुल्ला समोर आणून उभा करा.’

हा मुद्दा सगळ्यांना पटतो, आणि नेमका तोच सपशेल फसलेला आहे. अमेरिकेत १९८३ पासून पोलीस अधिकारी वर्गावर्गात जाऊन मुलांना नशेविरुद्ध धडे देत होते. कार्यक्रम देशभर पसरला, पैसा ओतला गेला. मग संशोधकांनी तपासलं, तर तो कार्यक्रम झालेल्या आणि न झालेल्या मुलांच्या नशेत फरक जवळपास नव्हता. कारण समजायला सोपं आहे. मुलानं फोटो पाहिलेला असतो, पण गच्चीवर झुरका मारणारा त्याचा मित्र ठणठणीत असतो. मूल विश्वास मित्रावर ठेवतं, आणि पुढच्या वेळी आपण खरं सांगितलं तरी ऐकत नाही.

माणसाला नमुना म्हणून उभं करणं तर मला अजिबात सहन होत नाही. पुलाखाली पडलेला तो मुलगा याच शहरातल्या कुठल्या तरी आईचा आहे.

इथे मेसेजशी एका बाबतीत मी सहमत आहे: २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, बॅनर धरून फेरी काढायची, शपथ घ्यायची, फोटो टाकायचा आणि वर्षभर गप्प बसायचं, याचा उपयोग शून्य. विसर्जनाच्या मिरवणुकीत टेम्पोमागे बाटल्या फिरवणाऱ्या मंडळानं मुलांना व्यसनमुक्तीची शपथ देऊच नये. मुलं भाषण ऐकत नाहीत, आपल्याला पाहतात.

‘घरीच थोडी चव दिली तर बाहेर जाऊन पिणार नाही.’

हे सुशिक्षित घरांत जास्त ऐकू येतं. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांचा सहा वर्षं मागोवा घेतला गेला आणि निष्कर्ष २०१८ मध्ये छापले गेले. आईवडिलांनी दारू दिल्यानं संरक्षण मिळाल्याचा पुरावा सापडला नाही. उलट अशी मुलं पुढे एका बैठकीत भरमसाट पिण्याची शक्यता जास्त दिसली, आणि त्यांना बाहेरून दारू मिळण्याचीही.

‘तीस वर्षं बघतोय, जगात कुठेच काही बदललं नाही.’

बदललंय. आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला. त्यांनी खेळ, संगीत यांना सरकारी पैसा दिला, पालकांचे आपसांत करार झाले, मुलांनी रात्री किती वाजता घरात यायचं ते ठरलं आणि ते पाळलं जातंय का हे पाहायला पालक स्वतः गल्लीत फिरले. तो देश चिमुकला आणि श्रीमंत आहे, इथे सगळं तसंच होणार नाही, मान्य. आमच्याकडे मैदानच नाही, जे होतं तिथे पार्किंग झालं. पण मुलं सुटली की ती कुठे जाणार हे ठरवणं आणि चार घरांनी मिळून वेळेचा एकच नियम पाळणं याला श्रीमंती लागत नाही. महापालिकेच्या शाळेचा वर्ग संध्याकाळी मिळावा म्हणून आमचा अर्ज पडून आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी त्यावर सही केली तर तो लवकर हलेल.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच: ज्याच्या घरात आत्ता हे सुरू झालंय त्यानं काय करायचं. पोलीस पकडतील म्हणून मुलाला दवाखान्यात न नेणारे आईबाप मी पाहिलेत. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच कलम ६४अ आहे. नशा केल्याचा किंवा थोडासा माल जवळ सापडल्याचाच आरोप असेल आणि तो मुलगा स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार पूर्ण करायचे. १४४४६ वर फोन करून आधी नुसतं बोलता येतं, फुकट. केईएम, नायर, सायन या तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. मुलगा यायला तयार नसेल तर पहिल्या वेळी आईनं एकटीनं जाऊन विचारावं. आणि तिला एकटीला जायची भीती वाटत असेल तर शेजारणीनं सोबत जावं.