लोहगावचा हवाई तळ कोणी बळकावला नाही

‘लोहगावचा विमानतळ मुळात पुणेकरांसाठी बांधलेला होता, हवाई दलाने तो नंतर बळकावला, तिथून कधी लढाई झाली नाही आणि आज त्या तळाचे कामही उरलेले नाही,’ असा मजकूर पुण्यात सध्या मोबाइलवरून फिरतो आहे. विमानांच्या उशिराने त्रासलेल्या प्रवाशांना तो पटतो, पण त्यातले एकही विधान टिकणारे नाही.

हा तळ ब्रिटिशांनी १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारला. महायुद्धात तो रॉयल एअर फोर्सकडे होता आणि १९४७ मध्ये तो भारतीय हवाई दलाकडे आला. प्रवासी टर्मिनल या लष्करी तळाच्या कडेला उभे आहे. धावपट्टी आणि हवाई वाहतूक नियंत्रण आजही हवाई दलाच्याच हाती आहे, म्हणूनच ऑक्टोबर २०२१ मध्ये हवाई दलाने धावपट्टीचे काम काढले तेव्हा प्रवासी वाहतूकही दोन आठवडे थांबली.

लढाई झाली नाही, हे विधान मात्र मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्यात गोवा मुक्तीतला पुण्याचा वाटाच पुसला जातो. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा बॉम्बफेकी विमाने याच तळावरून उडाली आणि त्यांनी गोव्यातल्या दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीवर काही मिनिटांत सुमारे ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकले. टर्मिनलच्या इमारतीला धक्का लागू नये, असा स्पष्ट आदेश होता आणि तो पाळला गेला. पोर्तुगीजांनी रात्रीत धावपट्टीची डागडुजी करून दोन प्रवासी विमाने बाहेर काढली, हेही खरे आहे; तरीही दुसऱ्या दिवशी त्यांनी शरणागती पत्करली. हवाई मोहिमेची सूत्रे सांभाळणारे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांचे नाव पुण्यात किती जणांना ठाऊक आहे?

राहिला आजच्या कामाचा प्रश्न. सुखोई-३० एमकेआय ही लढाऊ विमाने हवाई दलात सप्टेंबर २००२ मध्ये दाखल झाली ती येथेच. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये आणि प्रतिभाताई पाटील यांनी २००९ मध्ये सुखोईतून उड्डाण केले तेही लोहगावहूनच.

प्रवाशांची अडचण खरी आहे. जुलै २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले, तरी लढाऊ आणि प्रवासी विमानांना धावपट्टी एकच आहे. पुरंदरच्या प्रस्तावित विमानतळाची मागणी करायला एवढे कारण पुरेसे आहे. त्यासाठी हवाई दलावर बळकावल्याचा आळ घेण्याची गरज नाही.