महाग वाइन आवडणारे सगळे ढोंगी? प्रयोग तसं म्हणत नाही

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. शास्त्रज्ञांनी म्हणे एकच वाइन दोन वेगळ्या किमती सांगून पाजली, लोकांनी महागडीचं तोंडभरून कौतुक केलं, म्हणजे लोक भाव मारायला खोटं बोलतात, स्वस्त-महागात काडीचा फरक नसतो, तज्ज्ञांना तर लाल-पांढरीसुद्धा ओळखता येत नाही, आणि एकदा हे कळलं की आपण फसत नाही. प्रयोग खरा आहे, त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र जवळपास सगळेच गंडलेत.

"लोक खोटं बोलतात". इथेच सगळ्यात मोठा घोळ आहे. प्रयोग २००८चा, अमेरिकेतला, २० जणांवर. माणूस मेंदूतला रक्तप्रवाह टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये आडवा, तोंडात नळी, नळीतून थोडी थोडी वाइन येतेय आणि समोर स्क्रीनवर किंमत दिसतेय. पाच वाइन आहेत असं सांगितलेलं, होत्या तीनच, त्यातली ५ डॉलरवाली एकदा ५ची म्हणून दिली आणि एकदा ४५ची म्हणून, ९०वाली एकदा ९०ची आणि एकदा १०ची म्हणून. किंमत वाढल्यावर नुसते मार्क वाढले नाहीत, तर कपाळामागचा मेंदूचा जो भाग 'मजा येतेय' याच्याशी जोडलेला मानतात तोही जास्त सक्रिय झाला. तोंडाने खोटं बोलता येतं हो, पण मेंदूतला रक्तप्रवाह कसा मॅनेज करणार? चव जिथे आधी पोचते त्या भागात मात्र किमतीने काही फरक दिसला नाही. म्हणजे जिभेकडून आलेली खबर तीच, ती किती आवडली हे पुढे ठरलं.

२० जण म्हणजे फारच थोडे, मान्य. पण २०१७ मध्ये जर्मनीत ३० जणांना १२ युरोची बाटली ३, ६ आणि १८ युरोची सांगून पाजली, तेव्हाही निकाल त्याच दिशेला गेला. आणि वाइन सोडा, २०१५ मध्ये पार्किन्सनच्या १२ पेशंटना दोन इंजेक्शनं दिली, एक १०० डॉलरचं म्हणून आणि एक १५०० डॉलरचं म्हणून, दोन्हीत औषध नाहीच, नुसतं सलाइन म्हणजे मिठाचं पाणी, तरी 'महागड्या'नंतर त्यांच्या हालचाली जास्त सुधारल्या. आता हे पेशंट कोणावर भाव मारत होते?

"फरकच नसतो". अहो, दोन्ही वेळेला वाइन एकच होती! मग त्यावरून दोन वेगळ्या वाइन सारख्याच असतात हे कसं ठरवलं? त्यासाठी किंमत लपवून वेगवेगळ्या वाइन द्याव्या लागतात, आणि तेही झालंय, २००८च्याच एका अभ्यासात अशा सहा हजारांवर चाचण्यांचे मार्क तपासले. सर्वसाधारण लोकांना महाग वाइन उलट किंचित कमीच आवडली होती, पण वाइनचं शिक्षण घेतलेल्यांमध्ये कल महागडीकडे होता. तेव्हा इथे मेसेजवाल्याला अर्धे मार्क देऊ, शिकलेले नसाल तर जास्त पैशात जास्त मजा येईलच असं नाही. पण मला आवडत नाही म्हणजे फरकच नाही, हे काय लॉजिक झालं?

"तज्ज्ञांना लाल-पांढरी ओळखता येत नाही". २००१चा फ्रान्समधला अभ्यास, आणि ते वाइन शिकणारे ५४ विद्यार्थी होते. एका ग्लासात पांढरी वाइन होती, दुसऱ्यात तीच वाइन बिनवासाचा लाल रंग मिसळून, आणि 'ही लाल का पांढरी' असं कुणी विचारलंच नव्हतं, वासाच्या शब्दांची यादी देऊन प्रत्येक शब्द दोन ग्लासांपैकी कशाला जास्त लागू होतो एवढंच ठरवायचं होतं. लाल वाइनचे शब्द रंगवलेल्या ग्लासाकडे गेले. डोळ्यांनी नाकाला गंडवलं हे खरंच, आणि ते भारीच आहे, पण मेसेजमध्ये लिहिलंय ते हे नाही.

राहिलं "कळलं की फसत नाही". २००६च्या एका प्रयोगात बिअरमध्ये बाल्सॅमिक व्हिनेगरचे थेंब टाकून साध्या बिअरशेजारी ठेवली. काहीच न सांगता दिली तर बऱ्याच जणांना व्हिनेगरवालीच आवडली, आधी सांगितलं तर नकोशी झाली, आणि पिऊन झाल्यावर सांगितलं तर मत फारसं हललं नाही. म्हणजे माहिती घोटाच्या आधी आली की ती घोटातच मिसळते, मग तुम्ही कितीही सावध बसा. उपाय एकच, त्या क्षणी किंमत माहीत नसणं. त्यामुळे घरी करून बघायचं असेल तर ओतायला दुसरं कोणीतरी ठेवा, आणि त्यातली एक वाइन तुम्हाला न सांगता दोनदा ओतायला सांगा, म्हणजे त्याच वाइनला तुम्ही दोन्ही वेळा सारखेच मार्क देता का तेही कळेल.