मशीन पास, काका नापास

उपाशीपोटी साखर 131 आली, तेव्हा माझा संशय अर्थातच मशीनवर गेला. 126 पासून मधुमेहाची हद्द सुरू होते, आणि रोज गोदाघाटावर फिरायला जाणारा माणूस ती ओलांडेलच कशी? (फिरणं म्हणजे पायऱ्यांवर बसून लोकांना फिरताना बघणं. पण घाटावर जातो, हे खरं.)

दुपारी रिपोर्ट हातात पडताच तरातरा गंगापूर रोडची लॅब गाठली. ही मागोमाग.

"तुमचं मशीन कधी तपासता का?"

टेक्निशियन पोरगी जराही चिडली नाही. तिथेच माझं निम्मं अवसान गळालं.

"काका, रोज सकाळी पेशंटच्या आधी मशीनचीच परीक्षा असते."

फ्रिजमधून इवल्याशा बाटल्या निघतात. त्यातल्या सीरममध्ये साखर किती निघायला हवी, ते आधीच ठरलेलं. एक बाटली नॉर्मल, एक वाढीव. यांचं नाव कंट्रोल. आलेला आकडा ठिपका होऊन आलेखावर बसतो. लेव्ही आणि जेनिंग्ज या जोडीने 1950 मध्ये लॅबवाल्यांच्या गळ्यात बांधलेला हा आलेख: मधे सरासरीची रेषा, वर तीन, खाली तीन, एकेका एसडीच्या अंतराने (एसडी म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतात त्याचं माप). ठिपका तिसऱ्या रेषेपलीकडे गेला, रिपोर्ट अडले. लागोपाठ दोन ठिपके एकाच बाजूला दुसऱ्या रेषेबाहेर पडले, तरी अडले. आणि दहा ठिपके ओळीने सरासरीच्या एकाच बाजूला बसले, तर एकेक ठिपका कितीही सज्जन असो, मशीन संशयित. हे वेस्टगार्डचे नियम, 1981 चे. (आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये दहाच्या दहा ठिपके वर्षानुवर्षं चेअरमनच्या बाजूला बसतात. तिथे कोणी काही अडवत नाही.)

आजचे दोन्ही ठिपके मधल्या रेषेला चिकटून, पहिल्या बाकावरच्या पोरांसारखे.

"मशीन पास आहे, काका. सकाळी रक्त द्यायच्या आधी काही घेतलं होतंत?"

"छे! पाणी. आणि चहा. चहा काय खाण्यात धरतात?"

"साखर घातलेला?"

"अर्धाच चमचा."

"आणि चार खारी," मागून ही म्हणाली. "बुडवून."

"बऱ्याच चुका नमुना मशीनपर्यंत पोचायच्या आधीच झालेल्या असतात," पोरगी कीबोर्डकडे बघत म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही, हे तिच्या आईवडिलांचे संस्कार. "उद्या सकाळी परत या. किमान आठ तास उपाशी."

बाहेर पडलो, तर शेजारच्या गाडीवर मिसळीचा रस्सा रटरटत होता.

"म्हणजे उपाशी नक्की कधीपासून धरायचं?" मी विचारलं.

"आत्तापासून," ही म्हणाली.