नोकरीबरोबर जाणारा डॉक्टर

अमेरिका बरी की युरोप, हा तलावपाळीच्या कट्ट्यावरचा जुना वाद आहे. या वेळी मात्र तो पगारावरून न पेटता रजेवरून पेटला. महिनाभरासाठी ठाण्यात आलेला स्टुटगार्टवाला, दहा दिवसांतच परत निघालेल्या न्यू जर्सीवाल्याला म्हणाला, "तुझी रजा ही कंपनीची मर्जी आहे, माझी रजा हा कायदा आहे." बोलणे झोंबणारे असले तरी खरे होते. युरोपीय संघातल्या प्रत्येक देशात कामगाराला वर्षाला किमान चार आठवड्यांची पगारी रजा द्यावीच लागते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात खासगी नोकरदारासाठी अशी एका दिवसाचीही तरतूद नाही. १९९३ च्या कायद्याने बाळंतपणासाठी किंवा गंभीर आजारासाठी जे १२ आठवडे मिळतात, तेही बिनपगारी.

न्यू जर्सीवाल्याने लगेच हातात पडणाऱ्या रकमेचा हिशेब मांडला. जर्मनीत एकट्या माणसाच्या सरासरी पगारातला तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग आधीच कापला जातो, अमेरिकेत साधारण चौथा. शिवाय साहेब पटला नाही तर आपण उद्या दुसरी नोकरी धरतो, असे त्याचे म्हणणे. मोंटाना वगळता बहुतेक ठिकाणी साहेबही कारण न देता त्याला उद्याच घालवू शकतो, हे सांगायचे त्याने शिताफीने टाळले.

खरी गाठ आरोग्यविम्याची आहे, असे मला वाटते. १९४२ साली महायुद्धामुळे अमेरिकेत पगारवाढीवर निर्बंध आले, तेव्हा माणसे टिकवण्यासाठी कंपन्या विमा देऊ लागल्या. १९५४ साली त्यावरची करसवलत कायद्यात पक्की झाली आणि युद्धकाळातली तात्पुरती सोय कायमची व्यवस्था होऊन बसली. नोकरी सुटल्यावर तोच विमा साधारणपणे १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही स्वतःच भरून. न्यू जर्सीवाल्याच्या एका सहकाऱ्याला कपातीनंतर आलेल्या पत्रात दोन्ही वाट्यांची बेरीज त्याने प्रथमच एका ओळीत पाहिली, आणि पगार बंद झालेल्या महिन्यातच ती भरायची होती. जर्मनीत बिस्मार्कच्या १८८३ च्या कायद्यापासून विमा कामगाराच्या पगाराशीच जोडलेला आहे खरा, पण तिथे बेकारभत्ता सुरू झाला की विम्याची वर्गणी सरकारी यंत्रणा भरते.

युरोपची आरती इथेच थांबवावी लागली, कारण न्यू जर्सीवाल्याने आपल्या आईच्या चाकाच्या खुर्चीचा विषय काढला. अमेरिकेत १९९० च्या अपंगांविषयीच्या कायद्यामुळे बसला उचलपट्टी किंवा उतरण असावीच लागते आणि नाकारल्यास दावा लावता येतो. पॅरिसच्या जुन्या मेट्रोत मात्र १४ क्रमांकाचा मार्ग सोडला तर बहुतेक स्थानकांवर खुर्ची जिन्यापाशीच अडते. यावर स्टुटगार्टवाल्याकडे उत्तर नव्हते. अमेरिकी कायदा भेदभावाविरुद्ध दंड थोपटून उभा राहतो, मात्र मालक आणि नोकर यांच्यामध्ये पडायला कचरतो, असा माझा ग्रह त्यामुळे अधिकच पक्का झाला.

"मग उद्या दुसरी नोकरी धरणार होतास ना?" असे कोणीतरी विचारल्यावर न्यू जर्सीवाल्याने सांगितले की एका छोट्या कंपनीकडून जास्त पगाराचे बोलावणे आलेले आहे. पण पन्नासांहून कमी नोकरदार असलेल्या कंपनीवर विमा देण्याची सक्ती नसते, आणि ही कंपनी तो देत नाही. मुलगा अजून शिकतो आहे. २०१० च्या कायद्यानुसार तो सव्वीस वर्षांचा होईपर्यंत बापाच्या विम्यावर राहू शकतो, म्हणून तोवर बाप जागचा हलणार नाही.