‘३४ हजारांचा ब्लेंडर आणि वाटीभर चटणी होईना’ : ताईंच्या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय रविवारी रात्री वाचला. एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की ३४ हजारांचा ब्लेंडर घेतला आणि त्यात वाटीभर लसणाची चटणी होईना, शेंगदाण्याच्या कुटाचा गोळा झाला, गोड्या मसाल्याने भांडं धुरकट झालं, चौथ्या दिवशी इडलीचं वाटताना मशीन बंद पडलं. मुलीकडे न्यू जर्सीत असंच मशीन झकास चालतं, तेव्हा तुम्हाला नकली किंवा वापरलेला माल दिला गेला असणार. आणि दुकानात आणून ठेवलं तर दोन दिवसांनी ‘मशीन ओके आहे, घेऊन जा’ एवढाच फोन आला.

आधी आमची चूक सांगतो. आमच्या दुकानातल्या मुलाने तुम्हाला ‘यात सगळं होतं, घरात दुसरा मिक्सर लागणारच नाही’ असं सांगितलं होतं. मी त्याला विचारलं, त्याने लगेच कबूल केलं. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं, कारण महाग मशीन म्हणजे सगळ्यात चांगलं मशीन हा समज मी कधी त्याच्या डोक्यातून काढलाच नाही. त्याच्या शब्दावर तुम्ही तुमचा ११ वर्षांचा मिक्सर एक्सचेंजमध्ये १२०० रुपयांना देऊन टाकलात. मला सगळ्यात जास्त हेच लागलं. तुम्ही घरी काय काय वाटता, किती माणसांचं वाटता, एवढे दोन प्रश्न विचारले असते तर हा व्यवहार झालाच नसता. ते विचारणं आमचं काम होतं.

माल मात्र नकली नाही, हे तितक्याच स्पष्टपणे सांगतो. खोक्याचं सील तुमच्यासमोर फोडलं होतं आणि मशीनच्या बुडावरचा नंबर तुमच्या बिलावरच्या नंबराशी जुळतो. सोमवारी दुकान उघडल्यावर मी स्वतः ते लावलं. सहा टोमॅटो, गाजर, थोडं आलं आणि पाणी घालून पूर्ण वेगावर सहा मिनिटं फिरवलं, तर गॅस न लावता सार वाफाळत बाहेर आलं. पात्यांच्या घर्षणाने तापतं ते. एका नारळाचं दूध काढलं, गाळणीत चमचाभरसुद्धा चोथा राहिला नाही. मशीन उत्तम आहे. तुमच्या स्वयंपाकाचं ते नाही, एवढंच.

असं का होतं, ते नीट सांगायला हवं, कारण ‘मशीन ओके आहे’ या फोनमध्ये तेच राहून गेलं. ब्लेंडरचं भांडं उंच असतं आणि त्याचं सगळं काम भोवऱ्यावर चालतं. पातं वेगाने फिरतं, भोवरा तयार होतो, वरचा माल खाली ओढला जातो, पुन्हा वर येतो. भोवऱ्याला पातळपणा लागतो आणि माल भरपूर लागतो. वाटीभर लसूण, खोबरं, तिखट घातलं की ते पहिल्या झटक्यात उडून कडेला चिकटतं आणि पातं नुसतं हवेत फिरत राहतं. आवाज मोठा, काम शून्य. पाणी घालावं तर ती लसणाची चटणी राहत नाही. आपल्या मिक्सरचं चटणीचं भांडं मुद्दाम बुटकं आणि लहान केलेलं असतं, पातं तळाला जवळजवळ टेकलेलं असतं, म्हणून तिथे चार पाकळ्यासुद्धा सापडतात.

कुटाचं कारण वेगळं. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. आपण मिक्सर थांबून थांबून फिरवतो, दाणा फुटतो पण तेल सुटायच्या आत हात थांबतो. या मशीनच्या वेगाने आणि उष्णतेने तेल लगेच सुटतं आणि गोळा होतो.

भांड्याबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. ते प्लॅस्टिकचं आहे. हळदीचा पिवळेपणा दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवलं की बराच जातो, पण दालचिनी, दगडफूल, सुकं खोबरं यांनी पडलेले बारीक ओरखडे निघत नाहीत. कोरडं दळायला वेगळं भांडं येतं, ते जादा पैशांचं असतं आणि आम्ही त्याचा उल्लेखही केला नव्हता.

आता इडलीचं. मशीन बिघडलं नाही, तापून आपोआप बंद झालं. आत मोटर जळू नये म्हणून तशी सोय असते. अर्धा-पाऊण तास गार होऊ दिलं की ते पुन्हा सुरू होतं. तुम्ही सांगितलंत की मशीनला त्रास नको म्हणून तुम्ही ते हळू चालवत होतात. कुणीही काळजीवाली बाई असंच करेल. पण या मशीनमध्ये मोटरला वारा घालणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर बसलेला असतो. वेग कमी केला की वारा कमी, आणि भिजलेल्या उडदाचं घट्ट ओझं तेवढंच, म्हणून मोटर लवकर तापते. वेगात चालवलं असतं तर पीठ तापलं असतं, आणि तापलेलं पीठ नीट फुगत नाही. इडलीसाठी दगडाचा वेट ग्राइंडरच खरा, नाहीतर आपला मिक्सर, गार पाणी घालून, थोडं थोडं.

खोक्यावरच्या ‘३ हॉर्सपॉवर’चंही तुम्ही विचारलंत. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, म्हणजे हिशेबाने २२०० वॉटच्या वर जायला हवं. बुडाच्या पट्टीवर मात्र १४०० वॉट लिहिलंय. खोक्यावरचा आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो, पट्टीवरचा खरा. गिऱ्हाइकाने नेहमी पट्टी वाचावी, आणि दुकानदाराने ती स्वतःहून उलटी करून दाखवावी. १४०० वॉटला सहा अँपिअरच्या थोडं वरच जातं, तेव्हा ओट्यावरच्या लहान पिनेच्या, सहा अँपिअरच्या बोर्डावर हे लावू नका, हेही आम्ही सांगायला हवं होतं.

तुमच्या मुलीकडे ते झकास चालतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ती त्यात स्मूदी आणि सूप करते, असं तुम्हीच म्हणालात. त्या कामाला याच्यासारखं मशीन नाही. पण तिथून आणायचा विचार असेल तर कृपा करून करू नका. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. तिथलं मशीन इथे सरळ लावलं तर जळेल, आणि एवढ्या वॉटचा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर तो वजनाला आणि खिशाला दोन्हीकडून जड. दरवर्षी कुणी ना कुणी असं जळलेलं मशीन पिशवीत घालून माझ्याकडे येतं आणि मला हात हलवत परत पाठवावं लागतं.

परदेशी मशीन आणि आपलं वाटण यांचं न जुळणं आजचं नाही. मुंबईत १९६३ साली सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरने ‘सुमीत’ मिक्सर घडवला, तो त्यांच्या घरातला परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही म्हणूनच. माझ्या वडिलांनी भांडी बाजारात पितळेच्या भांड्यांशेजारी पहिल्यांदा मिक्सर ठेवला, तेव्हा ते येणाऱ्या बाईला आधी विचारायचे, ‘घरात माणसं किती, आणि पुरण वाटता की यंत्रातून काढता?’ हे विचारणं माझ्या काळात सुटलं.

हे मशीन मी विकणं बंद करणार नाही. रोज सोलकढी, आमरस, सूप, बदामाचं दूध करणाऱ्यांसाठी, ज्यूसच्या गाड्यांसाठी ते पैसे वसूल करतं. एका गिऱ्हाइकाच्या वडिलांना घास गिळता येत नव्हता, त्यांचं जेवण एकजीव करायला यानेच वर्षभर साथ दिली. पण यापुढे २० हजारांच्या वरचं कुठलंही वाटपाचं यंत्र आमच्याकडून गिऱ्हाइकाने आपला माल त्यात फिरवून पाहिल्याशिवाय बाहेर जाणार नाही. लसूण, दाणे, भिजवलेली डाळ, जे घरात लागतं ते डब्यातून घेऊन या. पहिला डबा त्या मुलाच्या हातून फिरवून घेणार आहे.

उघडलेलं मशीन कंपनी परत घेत नाही, हे आमच्या माणसाने तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. पण तो कंपनीचा आणि माझा प्रश्न आहे, तुमचा नाही. तुमचे ३४ हजार पूर्ण परत देतो, ओरखड्यांचे पैसे कापणार नाही. ते मशीन दुकानात नमुना म्हणून राहील.

आणि तुमचा जुना मिक्सर भंगारात गेलेला नाही. काल गोदामात शोधला, सापडला. मोटरला वीज पोचवणारे कार्बन झिजले होते, भांडं मोटरला जोडणाऱ्या कपलरचे दात गेले होते, दोन्ही नवीन टाकले. चटणीच्या भांड्याचं पातं धार लावून घेतलं आणि झाकणाचं रबर बदललं. संध्याकाळी घरी नेऊन आईकडून त्यात लसणाची चटणी वाटून घेतली, एकदाही झाकण उघडून चमच्याने खाली ढकलावी लागली नाही. एक्सचेंजचे १२०० आणि दुरुस्तीचा खर्च यातलं काही तुमच्याकडून घ्यायचं नाही. दुकान मंगळवारी बंद असतं. बुधवारी सकाळी तुम्ही घरी असाल तर मी स्वतः मिक्सर आणि पैसे घेऊन येतो.