बेलिचिकच्या पोराला सोडा, बाकीच्या नेमणुका बघा

"स्वतःच्या दोन पोरांना चिकटवलं, मग दुसरं काय होणार?" बिल बेलिचिकबद्दल, म्हणजे इथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल कोचबद्दल, २०२५ मध्ये टीम आपटल्यापासून हे वाक्य नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी-मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींत मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाचं सविस्तर लिहूनच टाकते. पोस्ट लांब आहे. अमेरिकन फुटबॉलशी ज्यांचं काही देणंघेणं नाही त्यांनी खुशाल पुढे जा. पण ऑफिसात नवा साहेब आला की तो आपल्याबरोबर कोणाकोणाला घेऊन येतो, याकडे ज्यांचं बारीक लक्ष असतं, त्यांनी जरा थांबा.

तिकडच्या मित्रमैत्रिणींसाठी थोडी पार्श्वभूमी. युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना हे आमच्याकडचं सरकारी विद्यापीठ, चॅपल हिलला. इथल्या निम्म्या मराठी घरांत बारावीतल्या पोराचं पहिलं स्वप्न तेच असतं, त्यामुळे तिथे काय चाललंय हा आमच्या घरगुती गप्पांचाच विषय. बास्केटबॉलमध्ये जगप्रसिद्ध (मायकेल जॉर्डन इथलाच), फुटबॉलमध्ये मात्र कायम 'यंदा बघू'. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी म्हाताऱ्या मॅक ब्राऊनला घरी पाठवलं आणि ११ डिसेंबरला बेलिचिकचं नाव जाहीर केलं. वय ७२. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा हेड कोच म्हणून सहा सुपर बोल (त्या लीगचा अंतिम सामना) जिंकलेला माणूस. कॉलेजच्या टीमला मात्र आयुष्यात एक दिवसही कोचिंग केलेलं नाही. पगार वर्षाला १ कोटी डॉलर. आणि असिस्टंट कोचेसच्या पगारांसाठी आणखी १ कोटी, वेगळे.

हा दुसरा आकडा माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा. कॉलेज फुटबॉलमध्ये हेड कोच हा प्रत्यक्षात मोठ्या खात्याचा प्रमुख असतो. त्याच्या हाताखाली दहा असिस्टंट. ऑफेन्सचा (चेंडू घेऊन गुण करणाऱ्यांचा) एक कोऑर्डिनेटर, डिफेन्सचा (समोरच्याला अडवणाऱ्यांचा) एक, मग क्वार्टरबॅक (पास फेकणारा), लाइन (पुढची भिंत), रिसीव्हर (पास झेलणारा) अशी एकेका जागेची माणसं. २०२४ पासून नियम सैल झाला, आता मैदानावर शिकवायला कितीही माणसं चालतात. पण शाळाशाळांत फिरून, पोरांच्या घरी बसून, आईवडिलांशी बोलून खेळाडू आणायचे, ते काम अजूनही हेड कोच आणि हे दहा जण एवढ्यांनीच करायचं. म्हणजे हे दहा जण शिक्षकही आणि सेल्समनही. सतरा वर्षांच्या पोराच्या आईला पटवता येणं ही इथे नोकरीची अट असते. एनएफएलमध्ये ती भानगडच नाही. तिथे खेळाडू ड्राफ्टमधून, म्हणजे टीम्सनी पाळीपाळीने केलेल्या निवडीतून येतो, करारावर सही करतो, विषय संपला.

तर बेलिचिकने कोणाला आणलं? थोरला मुलगा स्टीव्ह डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. धाकटा ब्रायन डिफेन्सच्या मागच्या फळीचा कोच. जनरल मॅनेजर म्हणून जुना दोस्त मायकेल लोम्बार्डी, वर्षाला १५ लाख डॉलर. आणि लोम्बार्डीचा मुलगा मॅट क्वार्टरबॅक कोच. यादी वाचून आपल्याला लगेच आपल्याकडचं राजकारण आठवतं, आणि हसू येतं, ते साहजिकच आहे. मलाही आलं होतं.

आणि घराणेशाहीची भीती काही उगाच नाही. आयोवा विद्यापीठाचं उदाहरण घ्या. कर्क फेरेन्ट्झ तिथे १९९९ पासून हेड कोच, आणि त्याचा मुलगा ब्रायन ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर. नात्यातल्या माणसाने नात्यातल्या माणसाचा साहेब व्हायचं नाही, म्हणून कागदोपत्री ब्रायनचा वरिष्ठ कोण, तर विद्यापीठाचा अॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे क्रीडा विभागाचा प्रमुख. मैदानावर अर्थातच वडील. ऑफेन्स इतका रडका झाला की २०२३ साली ब्रायनचा पगार कापून करारात अट घातली: टीमने सामन्याला सरासरी २५ गुण करायचे आणि किमान सात सामने जिंकायचे. मजा म्हणजे डिफेन्सने केलेले गुणसुद्धा या सरासरीत धरणार होते! मग काय, अख्ख्या देशात लोक दर शनिवारी आयोवाचा स्कोअर लावून 'अजून किती हवेत' ते मोजत बसले. हंगामाच्या शेवटी सरासरी आली १५.४. ब्रायनला जावं लागणार हे तर ऑक्टोबरमध्येच जाहीर झालं होतं. गंमत अशी की त्या वर्षी टीमने दहा सामने जिंकले, निव्वळ डिफेन्सच्या जिवावर. पोरगा वडिलांच्या छत्राखाली कसा टिकून राहतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

म्हणून चॅपल हिललाही तेच झालं असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पण २०२५ चा हंगाम जरा नीट बघा हो.

१ सप्टेंबरला पहिला सामना, टीसीयू या टेक्ससमधल्या विद्यापीठाविरुद्ध, घरच्या केनन स्टेडियमवर. जॉर्डन स्वतः हजर. चेंडू मिळताच पहिल्याच चढाईत टचडाउन (चेंडू गोल लाइनपार, सहा गुण), स्टेडियम डोक्यावर घेतलेलं, आणि मग आमचीच ४८-१४ ने धुलाई. नंतर यूसीएफकडून ३४-९, क्लेमसनकडून ३८-१० असेच हरलो. इथवर 'बापलेक' जोक चालू होते ते ठीक. पण पुढचे चार सामने? कॅलविरुद्ध (कॅलिफोर्नियाचं विद्यापीठ) २१ गुण दिले, हरलो तीन गुणांनी. व्हर्जिनियाविरुद्ध ठरलेल्या वेळेत फक्त १०. सिराक्यूसला १०, स्टॅनफोर्डला १५. हा डिफेन्स कोण चालवत होतं? स्टीव्ह. म्हणजे ज्या पोराच्या नावाने शिमगा चालला होता, त्याचंच खातं त्यातल्या त्यात धड चाललं होतं. आणि हा स्टीव्ह काही थेट बापाच्या मांडीवरून उतरून आलेला नाही. पेट्रियट्सला वडिलांबरोबर बरीच वर्षं काढली हे खरं, पण २०२४ मध्ये तो वॉशिंग्टन विद्यापीठात डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता, वडील आसपासही नसताना, आणि तिथे त्याचा डिफेन्स, विशेषतः पास अडवण्यात, उत्तम होता. बाहेर जाऊन परीक्षा पास होऊन आलेला मुलगा आहे तो.

व्हर्जिनियाचा सामना मी टीव्हीवर बघत होते. ओव्हरटाइम. त्यांनी टचडाउन केला, वर किकचा एक गुण, १७-१०. आमच्या पोरांनीही केला, १७-१६. आता एक गुणाची किक मारून बरोबरी साधायची, की दोन गुणांसाठी जाऊन तिथेच निकाल लावायचा? बेलिचिकने दोन मागितले. छोटासा पास, चेंडू हातात आला, आणि गोल लाइनच्या अलीकडे अगदी वीतभर अंतरावर त्याला लोळवलं. सामना खलास. त्या एका निर्णयावर आमच्याकडे आठवडाभर काथ्याकूट झाला. पण मूळ दुखणं असं, की नियमित वेळेत ज्या ऑफेन्सला दहाच गुण करता येतात, त्याचा सामना असल्या वीतभर अंतरावर येऊन ठेपतो. अख्ख्या हंगामात बारा सामन्यांत २३१ गुण, सरासरी १९ च्या जरा वर. शेवटी चार विजय, आठ पराभव.

ऑफेन्स कोणाकडे? फ्रेडी किचन्सकडे. तो ना पोरगा, ना पुतण्या, ना जावई. तो आधीपासून इथेच होता, मॅक ब्राऊनच्या स्टाफमध्ये. ब्राऊन गेल्यावर बोल सामन्याला (हंगामानंतरचा खास सामना) हंगामी हेड कोच म्हणून त्यालाच उभं केलं होतं. म्हणजे 'जुन्यांनाही ठेवा, सगळं घरात घेऊ नका' असं सांगणाऱ्यांच्या मनासारखीच ही नेमणूक होती, आणि नेमकी तीच फसली!

मला खटकतं ते वेगळंच आहे. मायकेल लोम्बार्डी सुरुवातीला अभिमानाने सांगत फिरायचा की एनएफएलमध्ये ३२ टीम्स, आम्ही ३३ वी. म्हणजे आमच्याकडचा जो तो एनएफएलचं पाणी प्यायलेला. (बॉब डायकोसारखा कॉलेजात मुरलेला माणूस होता स्टाफवर, नाही असं नाही, पण कारभाराचा सूर एनएफएलचाच.) मला तेव्हाच प्रश्न पडला होता: बेलिचिकला एनएफएल येत नव्हतं का? पन्नास वर्षं त्याने तेच केलंय. त्याला येत नव्हतं ते कॉलेज. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, त्यांच्या आया, ट्रान्सफर पोर्टलची (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) डिसेंबरातली लूटमार. शाळकरी पोरांच्या सह्यांची पहिली फेरी तर तो यायच्या आठवडाभर आधीच उरकली होती. वर सुमारे ७० नवे खेळाडू एका झटक्यात गोळा केलेले, ज्यांना एकमेकांची नावंही धड माहीत नव्हती. अशा वेळी आपल्याला जे येत नाही ते येणारी माणसं आधी शोधायची, की आपल्याला जे येतं तेच येणारी आणखी वीस?

आता इंडियाना विद्यापीठ बघा. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस त्यांनी कर्ट सिग्नेटीला घेतलं. आदल्या हंगामात तीन विजय, नऊ पराभव, आणि कॉलेज फुटबॉलच्या वरच्या वर्गात इतिहासातले सर्वाधिक पराभव तेव्हा कोणाचे तर यांचेच. सिग्नेटी आला आणि म्हणाला, मी जिंकतो, गूगल करा. लोक हसले. त्यानेही आपलीच माणसं आणली, अगदी ट्रक भरून: जेम्स मॅडिसन विद्यापीठातून डिफेन्सला ब्रायंट हेन्स, ऑफेन्सला माइक शॅनहन (याच नावाचा सुपर बोल जिंकलेला कोच नव्हे, हा वेगळा), वेटरूमला, म्हणजे खेळाडूंच्या व्यायामाला डेरेक ओविंग्ज, शिवाय तेरा खेळाडू. हेन्स आणि शॅनहन दोघंही त्याच्या आययूपीच्या दिवसांतले. आययूपी म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं छोटं विद्यापीठ, डिव्हिजन टू, जिथे सिग्नेटी २०११ मध्ये अलाबामा विद्यापीठाची चांगली नोकरी आणि मोठा पगार सोडून हेड कोच व्हायला गेला होता. अलाबामात तो काय करायचा? निक सेबन या नावाजलेल्या हेड कोचच्या हाताखाली रिसीव्हर्सचा कोच, आणि रिक्रूटिंगचा प्रमुख. म्हणजे पोरं शोधून आणणं हे त्याच्या हाडात मुरलेलं, आणि बरोबरची माणसं छोट्या गावांतून, कमी पैशांत तेच काम करत आलेली. काम तेच, पायरी तेवढी वरची.

आणि या भाऊगर्दीत त्याने जुन्या स्टाफमधला एक माणूस ठेवला, ऑफेन्सिव्ह लाइनचा बॉब बोस्टाड. कारण एवढंच असावं की त्या जागेसाठी त्याच्याहून चांगला माणूस आपल्याकडे नाही हे सिग्नेटीला कळलं. पहिल्या वर्षी ११ विजय, २ पराभव. दुसऱ्या वर्षी १६-० आणि जानेवारी २०२६ मध्ये मायामीला हरवून राष्ट्रीय विजेतेपद. इंडियानाला! पाच वर्षांपूर्वी कोणी असं म्हटलं असतं तर त्याला पाणी मारून उठवलं असतं.

दोघांनी आपापली माणसं आणली. एकाच्या माणसांनी पुढचं काम आधी खालच्या पायरीवर करून दाखवलेलं होतं. दुसऱ्याच्या बऱ्याच माणसांनी दुसरंच काम वरच्या पायरीवर केलेलं होतं. पोरगा-पुतण्याचा हिशेब मी त्यानंतर मांडीन. मांडायचाच असेल तर मॅट लोम्बार्डीपासून सुरू करा, कारण ऑफेन्स पडला त्यातला क्वार्टरबॅक त्याच्याकडे होता. स्टीव्हपासून नको.

डिसेंबर २०२५ मध्ये किचन्सला काढलं आणि बॉबी पेट्रिनोला आणलं. पेट्रिनोचा लौकिक फार चांगला नाही. एनएफएलच्या अटलांटा फाल्कन्सला २००७ मध्ये हंगाम अर्धवट टाकून तो पळाला होता, आणि आर्कान्सॉ विद्यापीठाने २०१२ मध्ये त्याला ज्या भानगडीपायी हाकललं ती इथे लिहीत नाही, शोधा तुम्हीच. निष्ठेच्या कसोटीवर बेलिचिकच्या दारात उभं राहायच्या लायकीचा नाही तो. पण कॉलेजमध्ये गुण कसे करायचे हे त्याला येतं, अनेक ठिकाणी त्याने करून दाखवलंय, आणि बेलिचिकला नेमकं तेच येत नव्हतं. ही नेमणूक वर्षभर आधी व्हायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत. कॉमेंटमध्ये भांडायला या, फक्त स्टीव्हचं नाव घेण्याआधी ऑक्टोबरचे स्कोअर बघून या.