‘ज्याने कधी शेण काढले नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या मागच्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आणि दोन दिवस थांबून हे उत्तर लिहीत आहे. प्राणी पाळण्याविषयीचे स्थानिक नियम प्राण्याची जात आणि संख्या मोजून न ठरवता पाळणाऱ्याची वागणूक पाहून ठरवावेत, असे मी त्या लेखात मांडले होते. त्यावर आपले म्हणणे थोडक्यात असे : अमेरिकेतील डेन्व्हर शहराने पिट बुल कुत्र्यांवर घातलेल्या बंदीचे साल मी चुकीचे दिले, वागणुकीवर बेतलेला नियम कुत्रा चावल्यानंतरच जागा होतो, बंदी घातलेल्या जातींची यादी मात्र आधीच काम करते, वागणूक तपासायला पालिकांकडे माणसे नाहीत, आणि शेवटी, ‘ज्याने कधी शेण काढले नाही आणि ज्याला शेजारच्या कुत्र्याने कधी रात्रभर जागवले नाही, त्याने घरात बसून इतरांना प्राण्यांचे कायदे शिकवू नयेत.’

सालाची चूक मला मान्य आहे. डेन्व्हरने पिट बुल प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घातली ती १९८९ मध्ये; माझ्या लेखात १९९८ असे छापले गेले होते. ते मी दुरुस्त केले आहे आणि लक्षात आणून दिल्याबद्दल आपला आभारी आहे. मात्र नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच शहराच्या मतदारांनी ती बंदी मोडीत काढून परवान्याची पद्धत स्वीकारली, हेही माझ्या लेखात लगेच पुढच्या वाक्यात होते. आपण चुकीचा आकडा उचललात आणि त्याच्या शेजारचे वाक्य जागेवरच सोडलेत.

आता त्या शेवटच्या वाक्याविषयी. मला मुद्दा पटला नाही असे कोणी म्हटले, तर त्याला मुद्द्याने उत्तर देता येते. परंतु माणसाला बोलण्याचा अधिकारच नाही असे ठरवून टाकले की वादाला जागा उरत नाही. माझी कसलीही माहिती नसताना, माझ्या हातांना काय लागले आहे आणि काय नाही, हे आपण कशाच्या आधारावर ठरवलेत? आपण स्वतः टोपणनावाने लिहिता आणि आपल्या दारात काय बांधलेले आहे ते सांगत नाही. मी तरी विचारले नसते. आपण विचारले आहे, म्हणून सांगतो.

माझे बालपण गोठ्याला लागून असलेल्या घरात गेले. दोन गायी, एक म्हैस आणि काही शेळ्या होत्या. शाळेत जाण्यापूर्वी शेण काढणे आणि दावणीजवळची जमीन कोरडी करणे हे माझे काम होते, आणि वयाच्या आठव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत मी ते केले. सततच्या ओलीत उभ्या राहणाऱ्या जनावराचे खूर कसे मऊ पडतात, घाणीत बसणाऱ्या गायीच्या कासेला दगडी, म्हणजे सुजेचा रोग, कशी होते, हे मला पुस्तकातून कळलेले नाही. शेण पडून राहिले की माशा होतात, हेही तिथेच शिकलो. पुढे वाचनातून एवढेच कळले की उष्ण हवेत अंड्यापासून घरमाशी तयार व्हायला सात ते दहा दिवस पुरतात, आणि म्हणून शेण त्याआधी हलवले की माशांची पैदास तुटते. आमच्याकडे लहानमोठी आठ-नऊ जनावरे होती आणि शेजाऱ्यांनी वासाची तक्रार कधी केली नाही. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एकच म्हैस होती आणि तिच्या मागचा ढीग पंधरा-पंधरा दिवस हलत नसे. तिथून जाताना लोक नाकाला पदर लावत. संख्येवर मर्यादा घालणारा नियम आमचा गोठा बंद करतो आणि ती म्हैस तशीच ठेवतो. माझ्या लेखाचा सगळा मुद्दा एवढाच होता, आणि तो शेण काढतानाच सुचलेला आहे.

आपल्या वाक्याचा दुसरा भाग कुत्र्याचा आहे. मी अकरा वर्षांचा असताना मला शेजारचा कुत्रा चावला. तो आकाराने लहान होता आणि त्याच्या जातीचे नाव धोकादायक कुत्र्यांच्या कोणत्याही यादीत मला आजवर आढळलेले नाही. तो दिवसभर हातभर साखळीला बांधलेला असे, रात्री भुंकून सगळ्यांना जागवत असे, आणि एके दिवशी साखळी तुटल्यावर समोर पहिला मी सापडलो. पोटरीवरची खूण अजून आहे. रेबीजची इंजेक्शने घेताना माझ्या मनात त्या कुत्र्याविषयी राग होता. त्याच्या मालकाविषयी राग यायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. तेव्हा शेजाऱ्याच्या कुत्र्याचा त्रास काय असतो, हे कृपा करून मला शिकवू नये.

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण कायदा दारात येतो तेव्हा तो कसा दिसतो हेही मी पाहिले आहे. मोठेपणी मी घरामागे सहा कोंबड्या पाळल्या होत्या. खुराडे रोज झाडले जाई आणि भुसा आठवड्याला बदलला जाई. तक्रार गेली, निरीक्षक आले, त्यांनी कोंबड्या मोजल्या आणि कागदावर लिहिले : मर्यादा चार, आढळल्या सहा. खुराड्यात वाकून पाहण्याची गरज त्यांना वाटली नाही, कारण नियमात तसे पाहायला सांगितलेलेच नव्हते. मी दोन कोंबड्या देऊन टाकल्या. त्याच दिवशी, तिथून तीन घरे सोडून, एक कुत्रा उन्हात बांधलेला होता आणि त्याच्यापुढचे पाण्याचे भांडे कोरडे होते. तिथे मर्यादा एक होती आणि आढळलाही एकच.

बंदी कधीच योग्य नसते, असे मी कुठेही लिहिलेले नाही. आइसलँडची राजधानी रेक्याविक इथे १९२४ पासून कुत्री पाळण्यास मनाई होती, कारण कुत्र्यांच्या विष्ठेतून पसरणाऱ्या पट्टकृमीने माणसांच्या यकृतात गाठी होत. १९८४ मध्ये ती मनाई शिथिल झाली. न्यूयॉर्कमध्ये कोंबड्या पाळता येतात, पण आरवणारा कोंबडा पाळता येत नाही. या नियमांमागचे कारण समोर दिसते. संख्येचा नियमसुद्धा प्राण्याच्या गरजेतून निघू शकतो : स्वित्झर्लंडच्या २००८ च्या नियमांनुसार कळपाने राहणारा गिनीपिग एकटा ठेवता येत नाही, म्हणजे तिथे आकडा कमाल नसून किमान आहे. इटलीतील तुरिन शहराने २००५ मध्ये कुत्र्याला दिवसातून तीनदा फिरवणे मालकाला बंधनकारक केले. रात्री भुंकणारा कुत्रा बहुतेक वेळा दिवसभर कोंडलेला असतो, हे ज्याने कुत्रा पाळला आहे त्याला ठाऊक असते, आणि म्हणून तुरिनचा नियम शेजाऱ्याच्या झोपेचीही काळजी घेतो असे मला वाटते.

यादी आधीच काम करते, हे आपले विधान मात्र मी तसेच सोडू शकत नाही. ब्रिटनने १९९१ च्या कायद्यात कुत्र्यांचे चार प्रकार धोकादायक ठरवले. कुत्रा त्या प्रकारात मोडतो की नाही, हे तिथे त्याच्या आईबापांवरून नव्हे, तर बांधा आणि मापे पाहून ठरते. पुढे यादीत नसलेला एक्सएल बुली हा प्रकार लोकांनी पैदा केला, माणसे दगावली, आणि त्यानंतर २०२३ च्या अखेरीस तो यादीत आला. १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सूट-प्रमाणपत्राशिवाय तो बाळगणे गुन्हा ठरले. म्हणजे यादीही चावल्यानंतरच जागी झाली, आणि तीही तीस वर्षांहून अधिक काळाने. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये केंद्राने कुत्र्यांच्या तेवीस जातींवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केले, कारण ज्यांचा या विषयाशी संबंध आहे त्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले नव्हते. नेदरलँड्स आणि इटली यांनी आपापल्या याद्या केव्हाच मागे घेतल्या आहेत. हे सर्व माझ्या लेखात होते.

पालिकांकडे माणसे नाहीत, हा मुद्दा कायद्याचा नसून अंदाजपत्रकाचा आहे. त्यावर मी इथे अधिक लिहिणार नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, त्या वाक्यासह ती तशीच राहील. आपण पुन्हा लिहावे, परंतु लिहिताना माझ्या हातांविषयी नव्हे, तर त्या कोरड्या भांड्यासमोर बांधलेल्या कुत्र्यासाठी आपली यादी काय करते, याविषयी लिहावे. लेखातील साल बदलले आहे. त्याव्यतिरिक्त एकही शब्द मी बदललेला नाही.